गाडीवाल्यांची वस्ती

आईबापांनी ठेवलेलं नाव चांगलं होतं, पण वस्तीत ते कुणी वापरलं नाही. हातात संस्थेनं दिलेला मोबाईल, त्यात प्रश्न, प्रश्नाखाली उत्तरांचे चौकोन आणि चौकोनावर बोट ठेवलं की उमटणारी टिक. असं तिला दारोदार टिका मारत फिरताना बघून शिंप्याच्या बायकोनं हाक मारली, "काय टिकबाई, आज कुणाला टिपलं?" झालं. नाव असं चिकटलं की नवरासुद्धा रागावला म्हणजे टिकबाई म्हणायचा. रागावलेला नसला तर नाव न घेता नुसतं "ऐकलं का" म्हणायचा.

हे काम मिळायच्या आधी ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणीचे लोंबते धागे कापायची. दिवसभर कात्री आणि मान खाली. कारखाना दुसरीकडं हलला आणि ती घरी बसली. मग शहरातल्या एका संशोधन संस्थेची मॅडम वस्तीत आली. गावाकडनं शहरात कोण येतं, का येतं, आल्यावर कुठं राहतं आणि कामाला कशानं जातं, असं सगळं त्यांना विचारायचं होतं. विचारायला वस्तीतलंच माणूस हवं होतं, म्हणजे लोक मोकळं बोलतील. टिकबाईला लिहिता-वाचता येत होतं. मॅडमनं विचारलं, "लोकांशी बोलता येतं ना?"

दारात कपडे झटकत उभी असलेली थोरली जाऊ म्हणाली, "बोलता येतं का म्हणून काय विचारता? गप्प बसता येतं का ते विचारा."

ही थोरली म्हणजे त्या घरातली पहिली वाट पाडणारी बाई. नवरा गावाकडं शेताला आणि म्हातारीला धरून राहिला आणि ही एकटी शहरात आली. एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात तिनं काम धरलं. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे झगे, सगळं उकळत्या पाण्यातनं काढायचं आणि पिळायच्या यंत्रात घालायचं. हात कोपरापर्यंत कायम गुलाबी. तिनं खोली मिळवली, मग धाकट्या दिराला बोलावलं, त्याला गिलाव्याच्या कामावर चिकटवलं आणि मग दिराची बायको आली, ती टिकबाई. एका खोलीत मध्ये पडदा लावून दोन संसार. पडद्याच्या अलीकडं कोण घोरतं यावरनं पडद्याच्या पलीकडं रोज सकाळी वाद.

वस्ती शहराच्या पार टोकाला. दगडाची खाण बंद पडली, खड्डा उरला आणि खड्ड्याच्या काठानं पत्र्याच्या खोल्या उगवल्या. गल्ली एवढी अरुंद की समोरासमोर आलेल्या दोघींपैकी एकीनं मागं तरी सरायचं, नाहीतर जुनं भांडण तरी मिटवायचं. वर टेकडी, टेकडीवर बंगल्यांची कॉलनी. तिथं रस्त्याला झाडं, झाडाखाली बाकडी, बाकड्यांवर कुणी नाही. आणि खाली, जुन्या वजनकाट्याशी, जिथं खाणीचे ट्रक पूर्वी वळायचे तिथं, पहाटे एक लहानशी म्हातारी बस येऊन वळायची. वस्तीतली धुणं-पुसणं करणारी, पहारा देणारी, भाजी विकणारी, फरशी बसवणारी अशी निम्मी माणसं तीच घेऊन जायची.

पण तिला बस म्हणत नसत कोणी. इथंच सगळी मेख आहे. ही माणसं ज्या गावांतनं आली तिथं बाजारगावाहून दिवसातनं एकदा जे धूळ उडवत यायचं, ते म्हणजे गाडी. "गाडी आली का?" "गाडी चुकली." "गाडीत जागा धरून ठेव." बस हा शब्द पाहुण्याला म्हणायचा, म्हणजे खाली बस. शहरात आल्यावर हमरस्त्यानं धावणाऱ्या लांबलचक, काचबंद प्रकाराला त्यांनी बस हे नाव देऊन टाकलं, कारण त्या बसशी आपला काही संबंध नव्हता. जी आपल्या दारात येते, जिचा ड्रायव्हर हात केला तर थांबतो, ती गाडी. आमची गाडी.

टिकबाईनं काम मन लावून केलं. मॅडमनं तिला एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली होती: आपला शब्द लोकांच्या तोंडात घालायचा नाही. माणूस जे म्हणेल तेच घ्यायचं. हे टिकबाईला फार पटलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिला दुसऱ्याचं ऐकायचे पैसे देत होतं.

ऐकायला मिळायचंही एकेक. पहारेकरी म्हाताऱ्याला तिनं विचारलं, "आजोबा, गाव कधी सोडलं?"

म्हातारा खाटेवरनं ताडकन उठला. "सोडलं? कुणी सांगितलं तुला? भावकीनं सांगितलं असणार! लिही, सोडलेलं नाही. विहिरीत अजून माझा वाटा आहे."

"अहो, पण इथं तर राहताय ना इतकी वर्षं?"

"आलोय जरा. आलं म्हणजे सोडलं होतं का?"

थोरलीला विचारलं, "ताई, शहरात का आलात? लग्न, काम, शिक्षण, आजारपण?"

"कंटाळा आला म्हणून आले."

"कंटाळ्याला चौकोन नाही हो."

"मग तुझ्या मॅडमला सांग, गावात एकदा राहून या, लगेच चौकोन काढाल."

टिकबाईनं 'इतर'वर टिक केली.

आणि मग तो प्रश्न, कामाला कशानं जाता. खाली चौकोन: पायी, सायकल, गाडी, बस, रिक्षा. घरोघरी एकच उत्तर, "गाडीनं." टिकबाईनं 'गाडी'वर टिक केली. अडखळायचं कारणच नव्हतं. बाहेरचा कुणी विचारणारा असता तर त्याचं बोट तिथं थबकलं असतं, पत्र्याच्या खोलीकडं बघून त्यानं विचारलं असतं, कसली गाडी? पण टिकबाईला कसली गाडी हे माहीतच होतं. तीही रोज त्याच गाडीनं भाजी आणायला जात होती.

टेकडीवरच्या कॉलनीत दुसरी मुलगी विचारत होती. तिथं दार अर्धंच उघडायचं. घरातली माणसं बाहेर कशानं जातात? साहेब घरूनच काम करतात. मुलं? मुलं बसनं, शाळेची बस येते ना. त्या मुलीनं 'बस'वर टिक केली. तिचंही काही चुकलं नाही.

एके दिवशी पहाटे थोरली गाडीत चढली, तेव्हा ड्रायव्हर मामा स्टिअरिंगवर हात ठेवून मागं वळून बसला होता. हा मामा ठेंगणा, पोटाचा, गाडीइतकाच जुना. गाडी भरल्यावर तो म्हणाला, "बायांनो, एक वाईट बातमी आहे. पहिल्या तारखेपासून ही फेरी बंद. गाडी टेकडीवर पाठवणार म्हणतायत."

"का? टेकडीला काय धाड भरली?"

"तिथले लोक म्हणे बसनं फिरतात. आणि तुमच्या वस्तीत म्हणे घरटी स्वतःची गाडी आहे. कचेरीत तक्ता आलाय."

गाडीत हशा पिकला. भाजीवाली म्हणाली, "माझी घोड्याची आहे. घोडा तेवढा घ्यायचा राहिलाय." पहारेकरी आजोबा म्हणाले, "माझी विहिरीत ठेवलीय." हसून हसून लोकांच्या पिशव्या सांडल्या. थोरली मात्र हसली नाही. धुलाईघराचा मुकादम उजाडायच्या आत हजेरी लावून दार ओढून घ्यायचा. हमरस्त्यापर्यंतची वाट खाणीच्या कडेनं अंधारातली, आणि ती चालत गाठून पुढची बस धरायची तर हजेरी रोज बुडणार. तिच्याआधी एकीनं तसं करून बघितलं होतं. तिला मुकादमानं फक्त विचारलं होतं, "बाई, तू कामाला येतेस का कामाला भेट द्यायला?"

संध्याकाळी थोरलीनं डबा घासून पालथा घातला आणि भिंतीकडं बघत म्हणाली, "गाडी बंद झाली तर मी गावाकडं जाते. तुम्ही दोघं राहा."

पडदा बाजूला सरला. टिकबाईचा नवरा म्हणाला, "वहिनी, काहीतरीच काय!"

"काहीतरीच कसं? काम नाही तर इथं काय तुमचं घोरणं ऐकायला राहू?"

टिकबाई तर पेटलीच. "कुणी सांगितलं त्यांना आपल्याकडं गाड्या आहेत म्हणून? जीभ झडो त्या मेल्याची!" तिनं त्या मेल्याला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा शिव्या घातल्या. शिव्या ठेवणीतल्या होत्या, गावाकडनं आणलेल्या, शहरात मिळत नाहीत तशा.

दुसऱ्या दिवशी मॅडम आली. गल्लीच्या तोंडाशीच थांबली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, मग वजनकाट्यामागं जाऊन खाणीच्या खड्ड्यातही डोकावली.

"काय शोधताय मॅडम?" टिकबाईनं विचारलं.

"एक विचारू? तुमच्या वस्तीतले लोक गाड्या लावतात कुठं?"

"गाड्या?"

"हो. आपल्या माहितीत जवळजवळ प्रत्येक घराला गाडी आहे. मला तेव्हाच विचित्र वाटलं, म्हणून बघायला यायचं होतं. त्याआधीच परिवहनवाल्यांनी कच्चा तक्ता मागून नेला. पण इथं तर मला एकही दिसत नाही."

"गाडी एकच आहे मॅडम. रात्री डेपोत असते. पहाटे येते."

"एकच? मग बाकीचे?"

"सगळे तिच्यातच. आमची गाडी आहे ना, ती."

मॅडम तिच्याकडं बघत राहिली. "आमची म्हणजे... ती बस?"

"बस हमरस्त्यावर. ही गाडी."

मग दोघींच्याही डोक्यात एकदमच उजेड पडला, आणि तो पडताना टिकबाईच्या तोंडावर जे काही झालं ते बघून मॅडमनं एक पालथी बादली तिच्यापुढं सरकवली. काल संध्याकाळी ज्या मेल्याच्या जिभेला तिनं एवढं काही म्हटलं होतं, ती जीभ तिच्या स्वतःच्याच तोंडात होती.

"चूक माझी आहे," मॅडम म्हणाली. "गाडीच्या आधी 'स्वतःची' हा शब्द घालायचा राहिला. मला वाटलं, गाडी म्हणजे गाडी, आणखी काय असणार."

"मलाही तसंच वाटलं, मॅडम. गाडी म्हणजे गाडीच."

हे दोघींचं खरं होतं, त्यामुळं भांडायची सोयच राहिली नाही. मॅडमनं सांगितलं की परिवहन कचेरीत पहिल्या तारखेच्या आधी एक बैठक आहे. नुसतं चुकलं म्हणून सांगून भागणार नाही. प्रत्येक घराला परत विचारून, उत्तरं घेऊन जावं लागेल.

घरी जाऊन थोरलीला सांगणं हे त्यापेक्षा अवघड काम. थोरली चादर पिळत होती. दिवसभर लोकांच्या चादरी आणि संध्याकाळी स्वतःची. टिकबाईनं एका दमात सगळं सांगून टाकलं. थोरलीनं पिळा पूर्ण होऊ दिला, पाण्याचा शेवटचा थेंब गाळला, मग म्हणाली, "म्हणजे मला हाकलायला परकं माणूस लागलंच नाही. घरच्या घरी भागलं."

"ताई, मी काय मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम करायला अक्कल लागते. जा, आता निस्तर."

मॅडमनं नवा प्रश्न शोधला तो असा: तुमच्या गाडीत तिकीट काढावं लागतं का? ऐकायला अगदी सरळ. टिकबाई निघाली आणि पहिल्याच दारात शिंपी दचकला. "काढतो की! रोज काढतो! कोण म्हणालं काढत नाही?" भाजीवालीनं पाटीच उपडी करून चुरगळलेल्या तिकिटांचा ढीग दाखवला. "हे बघ, हे बघ, आणि हे बघ. माझ्यावर तपासणीच लावली का तुझ्या मॅडमनं?"

टिकबाई तिसऱ्या गल्लीत पोचायच्या आत बातमी सहाव्या गल्लीत पोचली: फुकटे पकडायला निघालेत, टिकबाई त्यांना सामील आहे. आणि मग चोराच्या मनात चांदणं. रंगारी, जो मामाच्या पाठीमागं लपून आयुष्यात कधी तिकीट न काढता जायचा, छातीठोकपणे म्हणाला, "गाडी? मी गाडीत पाऊल ठेवत नाही. मी पायी जातो." त्याच्या शेजाऱ्यानंही लगेच पायी जायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत अर्धी वस्ती पायी चालायला लागली. काल घरटी गाडी होती, आज पायांत चप्पल तेवढी उरली.

आणि शब्द तोंडात घालायचा नाही! पायी म्हटलं तर पायीच टिक करायची. टिकबाई घरी आली ती थेट भिंतीला टेकून बसली. सांगितलं तेव्हा नवरा हसायला लागला, पण वहिनीकडं बघून त्यानं हसू गिळलं.

"तिकिटाचं कशाला विचारत बसलीस?" थोरली खेकसली. "लोकांना तिकीट म्हटलं की घाम फुटतो. गाडी कोण चालवतं ते विचार ना! जिची गाडी तिचा नवरा चालवेल, भाऊ चालवेल, पोरगा चालवेल. आपली कोण चालवतं?"

"मामा."

"मग?"

टिकबाई उठून थोरलीच्या पाया पडणार होती, पण थोरलीनं पाय मागं घेतला. "पाया नंतर पड. आधी विचारून ये."

दुसऱ्या दिवशी मॅडमही बरोबर फिरली. तुमची गाडी कोण चालवतं? आता कुणाला घाम फुटायचं कारण नव्हतं. "कोण म्हणजे? मामा!" शिंपी म्हणाला, मामा. भाजीवाली म्हणाली, "मामाच, आणि त्याला सांग, वळणावर जरा हळू घे म्हणावं, वांगी उडतात." पहारेकरी आजोबा म्हणाले, मामा, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान असला तरी मामा. रंगाऱ्यानं थोडा विचार केला, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, "मी पायी जातो. पण मामा चांगला माणूस आहे. कधी मागं वळून बघत नाही."

बैठकीला मॅडम टिकबाईला घेऊन गेली. परिवहनचे साहेब टेबलामागं, पंखा साहेबांच्या बाजूला वळवलेला. साहेबांनी कागद वाचायला घेतले. चालक, मामा. चालक, मामा. पान उलटलं. चालक, मामा. साहेबांनी चष्मा काढला.

"हे काय? एवढ्या सगळ्या लोकांचा मामा एकच?"

"हो," टिकबाई म्हणाली.

"आणि तो सगळ्यांना गाडीनं पोचवतो?"

"रोज पहाटे."

"मग तर हा माणूस बेकायदा वाहतूक करतोय! कोण आहे हा मामा? परवाना आहे का त्याच्याकडं? नाव काय त्याचं?"

नाव टिकबाईला माहीत नव्हतं. वस्तीत कुणालाच नव्हतं. मॅडम समजावून सांगायला लागली, पण साहेब आता ऐकायच्या पलीकडं गेले होते. त्यांना गुन्हेगार सापडला होता. तेवढ्यात टिकबाईचं लक्ष व्हरांड्यात गेलं. ड्यूटी संपवून हजेरीची सही करायला आलेला एक ठेंगणा, पोटाचा माणूस खिडकीशी उभा होता. टिकबाई तिथूनच ओरडली, "अहो मामा! जरा आत या!"

मामा टोपी काढून आत आला. साहेबांनी त्याच्याकडं बघितलं, त्याच्या गणवेशाकडं बघितलं, गणवेशावरच्या आपल्याच परिवहनच्या बिल्ल्याकडं बघितलं.

"तुम्ही?"

"मीच साहेब. खाणीच्या वस्तीचा मामा."

"सगळ्यांचा?"

"मागितल्याशिवाय भाचे मिळाले, साहेब. मी काय करू?"

कारकून खाली बघून हसले. साहेबही हसले असते, पण साहेबपण आड आलं. मॅडमनं मग शांतपणे सगळं उलगडून सांगितलं. खालची गाडी म्हणजे बस आहे आणि वरची बस म्हणजे शाळेची गाडी आहे. साहेबांनी दोन्ही शब्द दोनदा उच्चारून बघितले आणि कागद बाजूला ठेवत म्हणाले, "बघू."

बघू. साहेबाच्या 'बघू'चा अर्थ आजवर कुणाला लागलेला नाही. मॅडम म्हणाली, बहुतेक होईल. मामा म्हणाला, मला हुकूम येईल तिकडं मी गाडी नेणार, मी हुकमाचा ताबेदार. थोरलीनं आपली पत्र्याची पेटी खाटेखालनं ओढली, त्यात दोन कपडे ठेवले आणि पेटी न लावता तशीच उघडी ठेवली. टिकबाई पेटीकडं बघायची आणि घरात काही ना काही पुसत राहायची. नवऱ्यानं त्या दिवसांत घोरणंसुद्धा कमी केलं.

पहिल्या तारखेला पहाटे वजनकाट्याशी नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. ज्यांना कामाला जायचं नव्हतं तेही आले होते. रंगारीही होता, बाजूला उभा, पायी जाणाऱ्या माणसासारखा. टिकबाई थोरलीच्या मागं उभी होती, काही बोलत नव्हती, आणि हे तिच्या बाबतीत आजारपणाचंच लक्षण होतं. वर टेकडीवरचे दिवे लागलेले. एक गाडी त्या रस्त्यानं वर चढताना दिसली. गर्दीतनं कुणीतरी "गेली" म्हणालं. थोरलीनं डब्याची पिशवी या हातातनं त्या हातात घेतली.

मग खाणीच्या वळणावर उजेड हलला. एक दिवा जरा मंद, एक लख्ख. खड्ड्यात आदळण्याचा आवाज ओळखीचा, त्यामागनं दाराचा खडखडाट. म्हणजे मघाशी वर गेली ती दुधाची गाडी होती.

कुणी आनंदानं ओरडलं नाही. सगळे एकदम दाराकडं धावले, कोपर मारत, पाय तुडवत, "अहो सरका", "तुमच्या बापाची गाडी आहे का" करत, रोजच्यासारखे. मामानं दार उघडलं आणि म्हणाला, "हुकूम काल संध्याकाळी आला. हीच फेरी, हीच गाडी. चला, आत सरका, आणि रंगारी, आज पुढं बस, तिकीट काढू."

थोरलीला खिडकीची जागा मिळाली. ती बसली, पिशवी मांडीवर घेतली, डोकं मागं टेकवलं आणि एवढा लांब श्वास सोडला की काचेवर धुकं धरलं. ते तिनं तळहातानं पुसलं, तर बाहेर टिकबाई अजून तशीच उभी, दोन्ही हात गालांवर, डोळे भरलेले.

थोरलीनं काच खाली ओढली.

"अगं ए, रडतेस काय तिथं? नळाला पाणी सुटलंय, आवाज येतोय बघ. पळ, नाहीतर शिंप्याची बायको सगळं भरून घेईल. आणि ती पेटी खाटेखाली सरकव, येता-जाता पायात येते."

गाडीनं वळण घेतलं. टिकबाई चपला हातात घेऊन नळाकडं पळत सुटली.